कुठं न्यायचं?

सरूआत्याची पाळी जाऊन पाच वर्षं झाली होती. पुन्हा अंगावरून जायला लागलं तेव्हा ते तिनं चार महिने कुणाला कळू दिलं नाही. शेवटी गावातल्या आशाताईंनी तिला एकटं गाठून बोलतं केलं. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात तुकडा काढून तपासला आणि रिपोर्ट आला. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर.

येरमाळ्याच्या अलीकडच्या त्या गावात दुसऱ्याच दिवशी सोयरेधायरे जमले. पुण्याचे जावई म्हणाले, पैशाचं मी बघतो, पुण्यात मोठ्यात मोठ्या हॉस्पिटलात ठेवू. आत्याच्या दिराचं म्हणणं, कॅन्सर म्हटलं की टाटा, दुसरं नावच घेऊ नका. कुणी काढा देणाऱ्या वैदूचा पत्ता काढून आणला होता. प्रत्येकाला आत्याचं बरं व्हावं असंच वाटत होतं. पण आत्या आतल्या खोलीत होती आणि बोलणं ओसरीवर चाललं होतं. थोरल्या जाऊबाई, ज्यांना सगळं घर अक्का म्हणतं, चहा घेऊन आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "बार्शीला विचारा की." कुणी मान वर केली नाही.

धावपळ करायची म्हणजे दत्ताच. आत्याचा भाचा, कळंबला प्राथमिक शाळेत शिक्षक. आत्याचा मुलगा बाळू कष्टाळू, पण दवाखान्याच्या खिडकीपाशी त्याची जीभ उचलत नसे. दत्तानं वहीचं एक कोरं पान काढलं आणि वरती लिहिलं: रोग कुठवर गेलाय? पहिला उपचार कोणता? तो कोण ठरवणार? किती आठवडे? सोबत कोण राहणार?

तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात पहिलं उत्तर फार लवकर मिळालं. "पिशवी काढून टाकू, मोकळं होईल. परवा भरती करा." दत्तानं विचारलं, "साहेब, रोग पिशवीच्या बाहेर गेलाय का?" डॉक्टर म्हणाले, "ते उघडल्यावर कळेल." बाळू तिथंच हो म्हणणार होता. पिशवी काढणं आपल्या भागात दात काढण्याइतकं सोपं झालंय. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं २०१९ साली विधिमंडळापर्यंत गाजलं, तरी ती सवय पुरती गेलेली नाही. पण उघडल्यावर कळेल, हे दत्ताला पटलं नाही. घर बांधायच्या आधी जमीन बघतात आणि इथं माणूस उघडायचा? त्यानं आत्याला परत आणलं. पुढं कळलं ते असं, की हा रोग तोंडाच्या आजूबाजूला पसरला असेल तर नुसती पिशवी काढून तो जात नाही. उलट अर्धवट ऑपरेशन झालं की नंतरचा शेक देणं अवघड होतं. पहिला घाव चुकला तर दुसऱ्याला जागा राहत नाही.

मग मुंबई. निघण्याआधी दत्तानं सरकारी दवाखान्यातून रिपोर्ट तर घेतलाच, शिवाय काचेच्या स्लाइड आणि ब्लॉक मागून घेतला. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तोच तुकडा. नुसता कागद नेला तर पुढचा डॉक्टर दुसऱ्याच्या शब्दावर चालतो. ब्लॉक नेला तर तो स्वतः बघू शकतो. अनेक नातेवाईक जाड फायली घेऊन शेकडो कोस जातात आणि ही बोटभर वस्तू मागं राहते. मग पुन्हा खेप, नाहीतर पुन्हा तुकडा काढणं.

परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून उभं आहे. आत्यानं एवढी माणसं फक्त यात्रेत पाहिली होती. कुठून कुठून आलेली माणसं, हातात पिशव्या, नाकात नळ्या, कडेवर टक्कल पडलेली पोरं. ती दत्ताला म्हणाली, "मला वाटलं होतं, मलाच झालंय." हे बोलताना तिचा चेहरा जरा सैल झाला.

तिथं ब्लॉक पुन्हा तपासला गेला, एमआरआय झालं, आणि एका डॉक्टरबाईंनी तिला तपासलं. वहीतल्या पानाची उत्तरं मिळू लागली. रोग तोंडातून बाजूच्या भागात उतरलेला, टप्पा दोन बी. ऑपरेशन नाही. पाच आठवडे, आठवड्यातले पाच दिवस, बाहेरून शेक, ज्याला आपल्याकडं लाईट म्हणतात. त्याच्या जोडीला आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिनची सलाईन. नंतर आतून शेक, म्हणजे ब्रॅकीथेरपी. हा टाळला तर सगळं अर्धं राहतं. "आणि एक लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या, "हे सगळं मिळून आठ आठवड्यांच्या आत संपलं पाहिजे. मध्ये खाडे पडले की रोगाला डोकं वर काढायला वेळ मिळतो. मुंबईत राहणार कुठं? सोबत कोण?"

दत्ता धर्मशाळांची नावं सांगू लागला. दादरची गाडगे महाराजांची, आणखी एक-दोन. बाळू ज्वारीच्या काढणीचा हिशेब मनात करत होता. डॉक्टरबाईंनी दोघांना थांबवलं आणि खुर्ची आत्याकडं वळवली. "आई, तुम्हाला कुठं राहून जमेल?"

आजारपण सुरू झाल्यापासून हे तिला कुणी पहिल्यांदा विचारत होतं. आत्यानं पदर सारखा केला. "रातीला माझ्या अक्काजवळ निजायला मिळालं तर म्हणाल तितके दिवस येईन. हितं मी आठ दिवसांत पळून जाईन, बाई. खोटं कशाला बोलू?"

डॉक्टरबाईंना ते फार मोलाचं वाटलं असणार, कारण त्यांनी लगेच विचारलं, गाव कोणतं. आणि म्हणाल्या, "मग बार्शी तुमच्या दारात आहे. हाच उपचार तिथं होईल. मी सगळं लिहून देते, अडलं तर आम्ही आहोत."

गावी परतल्यावर ओसरी पुन्हा भरली. टाटाच्या दारातून माघारी आणलं, हे कुणाला सोसेना. जावई फोनवर म्हणाले, "दत्ताभाऊ, खर्चाला भिऊन चाललंय का हे? मी आहे ना." दिरांना गाव काय म्हणेल याची काळजी. दत्तानं पान वाचून दाखवलं, तरी बार्शी म्हणजे आठवडी बाजाराचं आणि भगवंताच्या देवळाचं गाव. तिथं कॅन्सर बरा होतो हे मनात उतरत नव्हतं.

तेव्हा अक्का उंबऱ्यात येऊन बसल्या. पंचवीस वर्षांपूर्वी बार्शीच्या दवाखान्याची जीप गावात आली होती. तीस वर्षांवरच्या बायकांना तपासत होते. अक्का गेल्या. त्यांच्या पिशवीच्या तोंडाला काहीतरी निघालं, बार्शीला नेऊन गार सुईसारखं काही लावलं आणि संध्याकाळी घरी सोडलं. "सरू त्या दिवशी रानात लपून बसली होती," अक्का म्हणाल्या. "मी तिला ओढून न्यायला पाहिजे होतं."

दत्तानं नंतर शोधलं तेव्हा त्या जीपची गोष्ट केवढी मोठी होती ते कळलं. बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालय १९८२ सालचं. गावागावातल्या कॅन्सरची नोंद ठेवणारी देशातली पहिली ग्रामीण नोंदणी १९८७ मध्ये तिथूनच सुरू झाली. अक्कांसारख्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या १,३१,७४६ बायका ज्या अभ्यासात होत्या, त्याचा निष्कर्ष २००९ मध्ये जगभर छापून आला: एचपीव्ही विषाणूची एकच तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. ज्या बार्शीचं नाव ओसरीवर कुणी घेत नव्हतं, तिच्या कामावरून दूरदूरचे डॉक्टर शिकले होते.

तरीही दत्तानं नावावर विश्वास टाकला नाही. बार्शीला जाऊन तिथंही प्रश्न विचारले. आतला शेक इथंच होणार का, की शेवटी दुसरीकडं पळावं लागेल? तारखा एका कागदावर मिळतील का? उत्तरं मिळाल्यावरच त्यानं आत्याला नेलं.

पुढचं काम कुणाला दिसत नाही असं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी आरोग्यमित्राच्या टेबलाशी गेल्यावर कळलं की रेशनकार्डावर ती सरूबाई आणि आधारवर सरस्वती. दोन दिवस त्या एका नावात गेले. रक्त कमी निघालं, बाटल्या लागल्या. तेव्हा दीर आणि पुण्याहून आलेले जावई एकाच सकाळी रांगेत उभे राहिले. जावयांनी आणखी एक केलं, रोजच्या जाण्या-येण्याला जीप लावून दिली. बोलणी थांबल्यावर माणसं अशी कामाला येतात.

चौथ्या आठवड्यात आत्या मोडली. जुलाब, लघवीला आग, अन्नाचा वास नको. "आता बास," ती म्हणाली, "उरलेलं दिवाळीनंतर." गावातही बायका म्हणाल्या, जिवाला जरा विसावा द्या. दत्ता त्या रात्री कळंबहून आला. त्यानं समजूत घातली नाही. तारखांचा कागद तिच्यासमोर ठेवून उरलेल्या दिवसांवर बोट फिरवलं, डॉक्टरबाईंनी आठ आठवडे का सांगितले ते पुन्हा सांगितलं, आणि जुलाबाचं औषध बदलून मागायला सकाळी स्वतः सोबत निघाला. पाणी किती प्यायचं, काय खायचं, हे नर्सबाईंकडून अक्कांना समजावून घ्यायला लावलं. तो खाडा पडला नाही. आतल्या शेकाच्या वेळी आत्या फार घाबरली होती; अक्का दाराबाहेर बसून राहिल्या. आठवा आठवडा सरायच्या आत कागदावरच्या सगळ्या तारखांवर खुणा झाल्या.

तीन महिन्यांनी तपासणीत रोग दिसला नाही. डॉक्टरांनी बरी झाली असं म्हटलं नाही. दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी यायचं, मग सहा महिन्यांनी, असं बजावलं. दत्तानं त्या तारखा वहीतल्या त्याच पानाच्या मागं उतरवल्या आणि पान बाळूच्या हाती दिलं. खिडकीपाशी आता बाळूच बोलतो.

परवाच्या तपासणीला जीपमध्ये जागा पुरेना. अक्कांनी घरातल्या दोन्ही सुना आणि शेजारच्या तिघींना आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं, सकाळी सात वाजता तयार राहा, आणि कुणी रानात जायचं नाही.