वाफसा

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असंही वाचन आलं. जोडाक्षरं पोरांना जड जातात म्हणून. राज्यभर गलका झाला. मी तेव्हा डिलाईल रोडला, लेकाकडं बीडीडी चाळीत होतो. नातवाच्या बाईंना विचारलं, ‘खरं कुठलं?’

‘दोन्ही, आजोबा. ज्या पोराला जे उमगतं, तिथनं सुरू करते. पण आम्हाला विचारतंय कोण?’

खरंच, टीव्हीवर सगळे बोलत होते, बाई सोडून.

पेरणीचा सल्ला कृषी खातं देतं, चांगलंच करतं. पण वाफसा आलाय का, हे रानात उभा असलेल्यालाच कळतं. त्याचंही चुकेल कधी. पण त्याला न विचारता पेरायला लावायचं आणि उगवलं नाही की दोष त्याच्याच माथी, हा न्याय नव्हे.