पाप पापच राहू द्या

शुसाकु एन्डो यांची 'चिन्मोकु' ही जपानी कादंबरी १९६६ साली प्रसिद्ध झाली. 'सायलेन्स' या इंग्रजी नावाने ती जगभर पोहोचली आणि २०१६ मध्ये मार्टिन स्कॉर्सेसी यांनी तिच्यावर चित्रपट काढला. चार वाचक तिच्यावर बोलायला बसले की गाडी हमखास एका प्रश्नाशी येऊन थांबते: रॉड्रिग्जने केलं ते बरोबर की चूक? सतराव्या शतकातला हा पोर्तुगीज जेझुइट पाद्री गोव्यामार्गे लपतछपत जपानला पोहोचतो, पकडला जातो आणि अखेर ख्रिस्ताच्या प्रतिमेवर पाय ठेवतो. त्याला तसं करायला लावतात ते तीन शेतकरी. ते खड्ड्यात उलटे टांगलेले आहेत आणि त्यांचं कण्हणं त्याला आधी पहारेकऱ्याचं घोरणं वाटलेलं असतं. त्या तिघांनी धर्म केव्हाच सोडला आहे, पण पाद्री नमेपर्यंत त्यांची सुटका नाही. वाचकांत मग दोन पक्ष पडतात. एकाच्या मते हा धर्मद्रोह. दुसऱ्याच्या मते हीच खरी भक्ती, कारण माणसाचा जीव धातूच्या तुकड्याहून मोठा. माझं म्हणणं असं की, रॉड्रिग्जचा जास्त घात हा दुसरा, कनवाळू पक्षच करतो. त्याला निर्दोष ठरवताना तो त्याच्या कृत्यातला जीवच काढून घेतो.

यासाठी थोडा इतिहास पाहावा लागतो. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत सव्वीस ख्रिस्ती लोकांना क्रुसावर चढवण्यात आलं. आपल्या वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया त्यांतलेच एक. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं. १६१४ मध्ये जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली, पण राज्यकर्त्यांना एक गोष्ट हळूहळू उमगली: मेलेला पाद्री जिवंत पाद्र्याहून जड जातो. हुतात्म्याचं मरण पाहायला गर्दी लोटते आणि त्याच्या अस्थींचे अवशेष जपले जातात. तेव्हा मारण्यापेक्षा वाकवण्यावर भर आला. १६३३ मध्ये क्रिस्तोवाँव फेरेरा हा जेझुइटांचा तिथला प्रमुख खड्ड्यात टांगला गेला आणि काही तासांत त्याने धर्म सोडला. रॉड्रिग्ज ज्याच्यावर बेतला आहे तो ज्युझेप्पे कियारा १६४३ मध्ये पकडला गेला आणि १६८५ मध्ये एडोत, म्हणजे आजच्या टोकियोत, मेला. कियाराचे स्वतःचे हाल झाले होते. कादंबरीतला रॉड्रिग्ज मात्र त्या खड्ड्यात कधीच जात नाही. इतिहासाशी केलेली ही मोडतोड आहे, असं म्हणून तिच्यावर काट मारणारे भेटतात. मला तर लेखकाचा सगळा युक्तिवाद याच बदलात दिसतो. वेदना पाद्र्याच्या अंगावरून काढून दुसऱ्यांच्या अंगावर ठेवली की हौतात्म्याचा रस्ताच बंद होतो. स्वतःचा प्राण देता येतो. दुसऱ्याचा द्यायचा तर आधी तो आपला मानावा लागतो.

आता 'ती तर नुसती धातूची पट्टी' हा बचाव. गंमत म्हणजे हा युक्तिवाद कादंबरीत छळ करणाऱ्यांच्या तोंडी आहे. हा केवळ उपचार, मनात काय ठेवायचं ते ठेवा, असं पाद्र्याला समजावतो तो जपानी अधिकारी. मराठी माणसाला यातला धोका चटकन कळावा, कारण आपल्याकडे 'बाटणे' नावाचं क्रियापद आहे आणि त्याचा मनाशी काडीचा संबंध नाही. विहिरीत पाव टाकला आणि गाव बाटलं, ही कथा वसईपासून गोव्यापर्यंत ऐकू येते. पाणी पिणाऱ्याच्या श्रद्धेची तिथे कुणी चौकशी केली नाही. हे अन्यायाचं होतं यात शंका नाही. पण बाहेरची कृती पोकळ नसते, एवढं तरी त्या समाजाला ठाऊक होतं. प्रतिमा तुडवायला लावणारा आणि तुडवणारा या दोघांनाही तिचा अर्थ एकच ठाऊक असतो, म्हणूनच तर तिच्यासाठी इतका खटाटोप. ती खरोखर कवडीमोलाची असेल, तर रॉड्रिग्जने त्या तिघांसाठी दिलं तरी काय? काहीच नाही. मग त्याला त्याग कशाला म्हणायचं? त्याच्याजवळचं सर्वांत मोलाचं त्याने खरोखर गमावलं, हे मान्य केलं तरच त्याच्या करुणेला वजन येतं. एन्डोंनाही हे ठाऊक होतं. प्रतिमेतला ख्रिस्त त्याला पाय ठेवायला सांगतो, आणि पाय पडताच दूर कोंबडा आरवतो. पीटरने ख्रिस्ताला नाकारलं तेव्हा आरवला, तोच हा कोंबडा. परवानगी देवाची आणि तरीही नकार तो नकारच, असं लेखक एका दमात सांगतो.

आपल्याकडचा वाचक इथे म्हणेल, हा साधा आपद्धर्म आहे. शांतिपर्वात दुष्काळात विश्वामित्र चांडाळाच्या घरचं कुत्र्याचं मांस घ्यायला निघतो आणि आपद्धर्म त्याला सांभाळून घेतो. पण तो दाखला स्वतःच्या प्राणाचा आहे आणि त्याचा कल डाग पुसण्याकडे आहे. जवळचा दाखला द्रोणपर्वात सापडतो. अश्वत्थाम्याबद्दलचं अर्धसत्य बोलायचा सल्ला साक्षात कृष्णाचा. तरी बोलताक्षणी जमिनीपासून चार बोटं वर चालणारा धर्मराजाचा रथ खाली टेकला. कृष्णाने सांगितलं म्हणून रथ वर राहिला, असं लिहायचा मोह महाभारतकारांना झाला नाही. फरक एवढाच की युधिष्ठिराच्या पदरात युद्ध पडलं, आणि रॉड्रिग्जच्या पदरात पडलं एका मृत जपान्याचं नाव, त्याची बायको आणि आयुष्यभराची नजरकैद.

कडक पक्षाचा आक्षेप मात्र सहज झटकता येत नाही. ऐन वेळी ऐकू आलेला देवाचा आवाज सोयीचा नाही कशावरून? उद्या प्रत्येक भेकड तोच आवाज ऐकेल. बरोबर आहे, आणि एन्डोंनी किचिजिरोच्या रूपाने असा भेकड शेजारीच उभा केला आहे. तो पुन्हापुन्हा दगा देतो आणि पुन्हापुन्हा क्षमा मागायला येतो. शांततेच्या काळात जन्मलो असतो तर मीही चांगला ख्रिस्ती म्हणून मेलो असतो, हा त्याचा कांगावा वाटतो खरा, पण त्याला उत्तर सापडत नाही. आवाज खरा की भास, हे बाहेरून ठरवायचं साधन कुणाजवळच नाही. कादंबरीत मात्र एक पुरावा आहे. तोमोगी गावचे शेतकरी संकटात सापडतात तेव्हा रॉड्रिग्जच त्यांना खुशाल तुडवा म्हणतो, आणि त्याचा सोबती गार्पे यावर चपापतो. म्हणजे जी सूट तो गरिबांना देत होता ती स्वतःला देत नव्हता. स्वतःची निष्ठा त्याने वेगळ्या, उंच फळीवर ठेवली होती. शेवटच्या रात्री ही फळी कोसळते. तेव्हा आवाज भास असला, तरी त्याने सोय केली असं म्हणवत नाही. त्या आवाजाने पाद्र्याला किचिजिरोच्या रांगेत नेऊन बसवलं.

आणि ही बाब केवळ कादंबरीतली नाही. नागासाकी भागातले छुपे ख्रिस्ती पिढ्यानपिढ्या दरवर्षी प्रतिमेवर पाय ठेवत आले. हा उपचार आहे, असं म्हणून ते मोकळे झाले असते तर दोन पिढ्यांत सगळं संपलं असतं. ते पाय ठेवून घरी येत आणि पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. 'कोन्चिरिसान' हे तिचं नाव, पोर्तुगीज शब्दाचं जपानी जिभेवर झालेलं रूप. पाद्री नाही, चर्च नाही, क्षमा देणारं कुणी नाही, तरी दरवर्षीचं पाप दरवर्षी पाप म्हणूनच मोजलं जात होतं. १८६५ च्या मार्चमध्ये नागासाकीच्या नव्या ओउरा चर्चमध्ये उराकामी गावची काही माणसं आली आणि तिथल्या फ्रेंच पाद्र्याला हळूच विचारू लागली की सांता मारियाची मूर्ती कुठे आहे. त्यांच्यातल्या प्रौढांचे पाय त्या पट्टीवर अनेकदा पडलेले असणार.