मिठाचा दाणा आणि मनातील प्रतिमा

पेडणे तालुक्यातील आगरवाड्याच्या मिठागरांत उन्हाने खारे पाणी आटत जाते आणि एका क्षणी त्यातून मिठाचा पहिला दाणा साकारतो. संगणकावर हेच स्थित्यंतर सोडियम व क्लोराइड आयनांच्या परस्पर आकर्षणाचे गणित मांडून घडविले जाते. एक किलो पाण्यात सुमारे ३६० ग्रॅम मीठ विरघळते, असे प्रत्यक्ष मोजमाप सांगते. गणनेतील काही प्रचलित प्रतिकृतींनी मात्र त्याहून पुष्कळ कमी आकडा दिला. मग दुरुस्त कोणाला करावयाचे? अर्थातच प्रतिकृतीला, मीठ चुकत नाही. परंतु घरातला मुलगा आपल्या मनातील प्रतिमेशी जुळला नाही, की आपण प्रतिमेला हात न लावता मुलालाच दोष देतो. प्रयोगशाळेत सहज पाळला जाणारा हा विनय घरात पाळणे, हीच सत्यनिष्ठेची खरी कसोटी होय.