काळजाची कैफियत

पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी पुत्र विश्वासराव आणि चुलतबंधू सदाशिवरावभाऊ पडल्यानंतर नानासाहेब पेशवे जेमतेम सव्वापाच महिने जगले आणि २३ जून रोजी पर्वतीवर त्यांनी देह ठेवला, तेव्हा त्यांनी त्या आघाताची हाय खाल्ली याविषयी महाराष्ट्राच्या मनात कधी संदेह उरला नाही. त्यांच्या मृत्यूचे वैद्यकीय कारण आज कोणी निश्चित करू पाहील तर ते धाडसाचे ठरेल, आणि महिनोन्‌महिने झुरून आलेले मरण हा माझा विषयही नव्हे. परंतु शोक किंवा भय माणसाच्या काळजाला प्रत्यक्ष इजा करू शकते ही जी घराघरांतील पिढीजात समजूत, तिला सुशिक्षितांनी मध्यंतरी केवळ बोलण्याच्या रीतीत जमा करून टाकले होते, आणि ती शरीरशास्त्राच्या दप्तरात रीतसर दाखल होण्यास १९९० साल उजाडावे लागले, ही गोष्ट मला विचार करण्याजोगी वाटते.

त्या वर्षी हिकारू सातो आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी एका विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. छातीत कळ येते, दम लागतो, ईसीजीच्या कागदावर हृदयविकाराच्या झटक्यासारखेच फेरफार उमटतात, रक्तातील ट्रोपोनिन वाढलेले सापडते. आणि तातडीने अँजिओग्राफी करावी तो हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांत या साऱ्याचा उलगडा करील असा अडथळाच दिसत नाही. मग डाव्या जवनिकेत रंगद्रव्य सोडून तिची हालचाल पडद्यावर पाहिली म्हणजे प्रकार ध्यानी येतो: वरचा भाग जोराने आकुंचन पावत असतो, आणि खालचा टोकाकडचा भाग मात्र निश्चेष्ट होऊन फुगलेला राहतो. जपानी कोळी ऑक्टोपस धरण्यासाठी अरुंद गळ्याचे आणि रुंद पोटाचे जे मडके समुद्रात सोडतात, तशी ती आकृती दिसते म्हणून त्या मडक्याचेच, ताकोत्सुबो हे नाव विकाराला पडले. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स येथील वैद्यांनी २००५ साली अशा १९ रुग्णांची, ज्यांत १८ स्त्रिया होत्या, हकीकत प्रसिद्ध केली. त्यांच्या रक्तातील अ‍ॅड्रेनॅलिन आणि तज्जातीय द्रव्यांचे प्रमाण गंभीर हृदयविकाराचा झटका आलेल्यांपेक्षाही कितीतरी अधिक भरले. धावण्यासाठी किंवा झुंजण्यासाठी शरीर जे द्रव्य हृदयाकडे पाठवते, त्याचाच लोंढा हृदयाच्या स्नायूला काही काळ बधिर करून सोडतो, असे आज बहुतेक तज्ज्ञ मानतात. टोकाकडील भागात त्या द्रव्याला प्रतिसाद देणारी ग्राहके अधिक असल्यामुळे तोच भाग प्रथम लुळा पडतो, असे एक स्पष्टीकरण आहे. स्नायू सहसा मरत नाही, काही आठवड्यांत तो पूर्ववत होतो. पण तेवढ्या अवधीत फुप्फुसांत पाणी भरणे, ठोक्यांची लय बिघडणे, बधिर पडलेल्या जागी रक्ताची गाठ होणे, रक्तदाब कोसळणे, यांपैकी काहीही ओढवू शकते, आणि काही रुग्ण त्यातच दगावतात.

बेंगळुरूने या विषयाचे एक दर्शन मोठ्या प्रमाणावर घेतले आहे. २९ ऑक्टोबर २०२१ रोजी कन्नड चित्रसृष्टीतील लोकप्रिय नट पुनीत राजकुमार वयाच्या अवघ्या ४६व्या वर्षी हृदय बंद पडून गेले, आणि त्यानंतरच्या दिवसांत या शहरातील जयदेव हृद्रोग संस्थेच्या दारी तपासणीसाठी लोकांची रीघ लागली; धडधाकट माणसे, त्यांतही तरुण अधिक, आपल्याही छातीत काहीतरी होते आहे असे सांगू लागली. त्याच दिवसांत राज्यातील काही चाहत्यांनी वार्ता ऐकताच धक्क्याने प्राण सोडल्याच्या बातम्या आल्या. त्यांपैकी कोणाच्या धमन्या आधीच अरुंद झालेल्या होत्या आणि कोणाचा स्नायू बधिर पडला, हे आता कळण्याचा मार्ग नाही, आणि त्या मरणांवर मी कोणताही शिक्का मारणार नाही. मात्र जे दवाखान्यापर्यंत पोहोचले, त्यांच्या भयाला त्या संस्थेने तपासणीचे उत्तर दिले, हसून परत पाठवले नाही, ही मला या शहराची मोठी सभ्यता वाटते. कारण एरवी ज्याच्या तपासणीत ‘काही निघाले नाही’, त्याच्या वेदनेवरचा घरच्यांचा विश्वास उडण्यास एक दिवस पुरतो.

आमच्या इमारतीत मुलाकडे राहावयास आलेल्या, मूळच्या मिरजेच्या एका काकूंच्या बाबतीत मी हे जवळून पाहिले. धाकटी बहीण अकस्मात गेल्याचा फोन आला, आणि तासाभरात त्यांना घाम फुटून छातीत दाटून आले. जवळच्या एका रुग्णालयात अँजिओग्राफी झाली, ती स्वच्छ निघाली. इकोत मात्र हृदयाची रक्त ढकलण्याची क्षमता पस्तीस टक्क्यांवर उतरलेली दिसली. डॉक्टरांनी मधुमेह विचारला, रक्तदाब विचारला, कुटुंबात कोणाला हृदयविकार होता का हे विचारले, आणि मुलाने इंग्रजीतून सर्वांची नीट उत्तरे दिली. बहिणीचे नाव त्यात कोठेच आले नाही, कारण कागदावर तसा रकानाच नव्हता. रात्रपाळीची नर्स खानापूरकडची. तिने सलाईन बदलता बदलता मराठीत विचारले, “मावशी, घरात काही झालंय का?” आणि त्या एका वाक्यासरशी काकूंना रडू फुटले. नर्सने ते सकाळी डॉक्टरांच्या कानावर घातले आणि निदान जुळले. तरी घरी आल्यावर भेटीस आलेल्या एका नातेवाइकाने त्यांच्यासमोरच उद्गार काढले, “अँजिओत काही निघालं नाही ना? मग झालं तर! मनाला फार लावून घेतात त्या.” सहा आठवड्यांनी इकोत हृदय पूर्ववत झाल्याचे दिसले, पण दुखणे सांगण्याची सवय मात्र त्यांनी त्या दिवसापासून सोडून दिली होती.

वाहिनी उघडी असणे आणि दुखणे नसणे या दोन गोष्टी आपण एक मानून चाललो आहोत, हे माझे मुख्य म्हणणे आहे. आणि या चुकीचा भार कोणावर पडतो हेही लपलेले नाही. युरोप आणि अमेरिकेतील २६ केंद्रांनी मिळून १,७५० रुग्णांची जी नोंदवही तयार केली आणि २०१५ साली जिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तीत दर दहा रुग्णांमागे नऊ स्त्रिया आहेत, सरासरी वय सदुसष्टच्या आसपास. म्हणजे ज्यांची दुखणी कुटुंबात आधीच ‘नेहमीची’ म्हणून निकालात काढली जातात, त्याच वयाच्या त्या आयाबाया. त्याच नोंदवहीत अर्ध्याहून अधिक रुग्णांना पूर्वी किंवा त्या वेळी मेंदूचा वा मनाचा काही विकार होता, तर सामान्य हृदयविकाराच्या रुग्णांत हे प्रमाण सुमारे चौथा हिस्सा होते. बेंगळुरूत बन्नेरघट्टा रस्त्यावर जयदेव संस्था आहे, आणि तेथून अवघ्या काही किलोमीटरांवर, होसूर रस्त्यावर, १९७४ साली दोन जुन्या संस्थांच्या विलीनीकरणातून उभी राहिलेली निम्हान्स आहे. हृदय आणि मन यांसाठी देशभर ख्यातकीर्त असलेल्या दोन संस्था एका शहरात इतक्या निकट असाव्यात हे या रुग्णांचे भाग्यच. परंतु एका फाटकातून बाहेर पडलेल्या रुग्णाने दुसऱ्या फाटकात जावे, असे त्याला बजावून सांगणारी चिठ्ठी सामान्यतः त्याच्या हाती नसते, आणि ‘वेड्यांच्या इस्पितळाची’ जुनी भीती आडवी येऊन तो स्वतः होऊन तिकडे फिरकत नाही.

येथे एक सावधगिरी मला स्वतःच्याच म्हणण्याविरुद्ध मांडणे अवश्य वाटते. या विकाराला लोकांनी ‘भग्नहृदय’ म्हणण्यास आरंभ केल्यापासून प्रत्येक रुग्णामागे एखादी शोककथा असलीच पाहिजे असा आग्रह वाढू लागला आहे, आणि तो सत्यास धरून नाही. वर सांगितलेल्या नोंदवहीत भावनिक आघाताचे रुग्ण शेकडा अठ्ठावीसच्या आत आहेत. दम्याचा जोर, शस्त्रक्रिया, अस्थिभंग, जंतुसंसर्ग अशा शारीरिक कारणांचे छत्तीस. आणि शेकडा अठ्ठावीसांहून अधिकांच्या बाबतीत कोणतेही कारण सापडलेले नाही. पुढे २०१६ साली त्याच अभ्यासकांनी दाखवून दिले की, आनंदाच्या प्रसंगानेही हे घडते: भावनिक आघाताच्या ४८५ रुग्णांपैकी २० जणांचे कारण सुखद होते. तेव्हा पुरुष असो की स्त्री, रुग्णाच्या संसाराची उलटतपासणी करून कोणाच्या तरी माथी दोष मारण्याचा अधिकार या विकाराने कोणासही दिलेला नाही; सुनेला किंवा मुलाला आरोपी ठरवून जी कुजबूज सुरू होते, ती रुग्णाला आणखी एकटे पाडते.

औषधाचा भाग अजून थोडका आहे. अ‍ॅड्रेनॅलिनला आवर घालणारी बीटा ब्लॉकर औषधे येथे उपयोगी पडावीत असे तर्काने वाटते, पण घरी गेल्यानंतर ती घेणाऱ्यांचे आयुष्य त्यामुळे वाढल्याचे त्या नोंदवहीत दिसले नाही; आणि बरे झालेल्या थोड्या रुग्णांना हा विकार पुन्हा गाठतो. अशा स्थितीत घरी सोडण्याच्या कागदावर निदानाचे नाव रुग्णाच्या भाषेत पुरते लिहावे, ‘अडथळा नाही’ या शेऱ्याशेजारीच ‘स्नायू दुर्बल झाला होता’ हेही लिहावे, पुढच्या इकोची तारीख द्यावी, गरज दिसेल त्याला मनाच्या वैद्याकडे जाण्याची चिठ्ठी जोडावी, आणि दाखल करतेवेळच्या तक्त्यात रक्तदाब व मधुमेह यांच्या खाली एक रकाना वाढवावा: गेल्या काही दिवसांत काय घडले. कन्नड, तमिळ, तेलुगू, दखनी, मराठी अशा अनेक भाषा ज्या शहरातील एकेका वॉर्डात एकाच वेळी ऐकू येतात, तेथे हा प्रश्न रुग्णाच्याच भाषेत आणि शक्य तर नातेवाईक बाजूस असताना विचारला जावा. आणि रुग्णाने ‘काही घडले नाही’ असे सांगितले, तर त्या रकान्यात तेच उत्तर जसेच्या तसे उतरवून घ्यावे.