पंचवीस माणसं भुकेनं मेली

आमच्या डॅशबोर्डवर एक आकडा कायम हिरवा असतो: ०.३ टक्के. आमचं मॉडेल संशयास्पद वाटणारी खाती गोठवतं. त्यात चुकून गोठलेल्या प्रामाणिक लोकांचं हे प्रमाण. मागच्या वर्षी त्यातल्याच एका फळवाल्या बाईंची तक्रार माझ्याकडे आली. चार दिवस खातं बंद, उद्याचा माल उचलायला पैसे नाहीत. मी ठरलेलं उत्तर चिकटवलं आणि तिकीट बंद केलं.

मार्था नसबॉम यांचं नाव मला त्यानंतर कधीतरी सापडलं. त्या शिकागो विद्यापीठात प्राध्यापक आहेत, लॉ स्कूल आणि तत्त्वज्ञान विभाग अशा दोन्हीकडे. गंमत म्हणजे त्यांनी कायद्याचं शिक्षण घेतलेलं नाही. सुरुवात नाटकातून, मग ग्रीक-लॅटिन, मग ग्रीक शोकांतिकांवरचं मोठं पुस्तक. पुढे अमर्त्य सेन यांच्याबरोबर विकासाच्या मोजमापावर काम. आणि भावी वकिलांना त्या शिकवत होत्या कादंबऱ्या! १९९५ सालचं त्यांचं 'पोएटिक जस्टिस' त्याबद्दलच आहे.

त्यात डिकन्सची 'हार्ड टाइम्स' आहे. तिथे सिसी नावाच्या मुलीला शाळेत विचारतात: दहा लाखांच्या शहरात वर्षभरात फक्त पंचवीस माणसं भुकेनं मेली, यावर तुझं मत काय? ती म्हणते, बाकीचे कितीही असोत, मेलेल्यांना ते तितकंच जड गेलं असेल. उत्तर चुकीचं ठरतं. मी असतो तर मीही चूकच दिली असती.

रिचर्ड राइटची 'नेटिव्ह सन'ही आहे. गोऱ्या घरात ड्रायव्हर म्हणून लागलेला कृष्णवर्णीय तरुण, त्याच्या हातून खून. ही कथा शिकागोच्या ज्या दक्षिण भागात घडते, तिथेच हे विद्यापीठ आहे. नसबॉम त्याला माफ करा असं म्हणत नाहीत. निकाल देणाऱ्याला त्याचं आयुष्य आतून दिसलं पाहिजे, आणि तरी त्यानं कुणाची बाजू घेऊन बसू नये, एवढंच त्यांना हवंय.

यावर सर्वात जोरदार हरकत त्यांच्याच लॉ स्कूलमधली. तिथे शिकवणारे न्यायाधीश रिचर्ड पोझनर यांनी १९९७ मध्ये लिहिलं की साहित्य वाचून माणूस चांगला होत नाही. सुसंस्कृत जर्मनीत नाझी आलेच की. मला हे पटतं. पु.ल. तोंडपाठ असलेले आणि कामाच्या मावशींचा कप वेगळा ठेवणारे लोक मीही पाहिलेत.

पण पोझनर वाचकाच्या स्वभावाबद्दल बोलतात. मला प्रश्न पडतो खुर्चीचा. मी काही दुष्ट नव्हतो. फळवाल्या बाई माझ्यापर्यंत पोचल्या त्याच टक्केवारी होऊन, आणि माझ्या सगळ्या शिक्षणात टक्केवारीला उलटा प्रश्न विचारायला कुणी शिकवलं नव्हतं.

मग कादंबरी वाचून मी काय केलं? मॉडेल सैल केलं तर भामटे दुसऱ्या कुणाची पेन्शन उडवतील; तीही बाईच असेल कदाचित. सिसीकडे याचं उत्तर नाही. शेवटी मी मांडलं की गोठवलेलं प्रत्येक खातं चोवीस तासांत एका माणसानं उघडून पाहावं. मॅनेजर हसून म्हणाले, "चांगलंय. खर्च किती येईल?"

तो हिशेब मी अजून करतोय.