सक्तीची सुट्टी

जेकब डिग्रॉम हे अमेरिकेच्या बेसबॉलमधलं मोठं नाव. पण फ्लोरिडातल्या स्टेट्सन विद्यापीठात शिकताना हा मुलगा मुळात पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, नव्हताच. तो शॉर्टस्टॉपला उभा राहायचा, फलंदाजाने मारलेले चेंडू अडवायचा. हातात जोर आहे म्हणून तिसऱ्या वर्षी त्याला पिचिंगला लावलं. त्याच वर्षी, २०१० मध्ये, नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत न्यूयॉर्क मेट्स या संघाने त्याला घेतलं. तीही नवव्या फेरीत, आधी २७१ नावं पुकारून झाल्यावर. आणि काही महिन्यांतच कोपर गेलं. ऑपरेशन करावं लागलं. २०११ चं अख्खं वर्ष त्याला एकही सामना खेळता आला नाही. नोकरी लागली आणि लगेच घरी बसायची वेळ आली, तसंच हे.

अशा ऑपरेशननंतरचे दिवस फार कंटाळवाणे असतात. आधी हात नुसता वाकवायचा, सरळ करायचा. मग काही फुटांवरून हळूच चेंडू टाकायचा, मग थोडं लांबून. मेट्सच्या पोर्ट सेंट लूसीच्या सराव केंद्रात डिग्रॉम हेच करत होता. तिथेच योहान सांतानाही खांद्याच्या ऑपरेशननंतर हात पूर्ववत करायच्या खटपटीत होता. व्हेनेझुएलाचा हा पिचर म्हणजे बडी असामी. सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार त्याने दोनदा घेतलेला. त्याचा हुकमी चेंडू म्हणजे चेंजअप. हात वेगवान चेंडूसारखाच फिरतो, पण चेंडू हळू येतो आणि फलंदाजाची बॅट आधीच फिरून जाते. सगळी करामत पकडीत आहे. चेंडू बोटांच्या टोकांवर न धरता तळहाताकडे आत घ्यायचा. अंगठा आणि तर्जनी बाजूला जुळवायची, म्हणजे जोर आपोआप कमी पडतो. सांतानाने ही पकड डिग्रॉमला दाखवली.

एरवी हे दोघे एकमेकांच्या वाट्याला फारसे आले नसते. एक नावाजलेला, मोठ्या मैदानांवरचा. दुसरा खालच्या लीगमधला नवखा पोरगा. दुखण्याने दोघांना एका जागी आणलं आणि दोघांच्याही हाताशी भरपूर वेळ ठेवला. हॉस्पिटलच्या वॉर्डात जो राहिलाय त्याला हे ठाऊक असतं. तिथे शेजारच्या खाटेवरचा माणूस दोन दिवसांत घरचा होतो. आपल्यावर सक्तीची सुट्टी आली की आपलं लक्ष मात्र कॅलेंडरवर लागतं. प्लास्टर कधी निघणार, बदलीची ऑर्डर कधी येणार? वाट बघणं काही चूक नाही. पण त्या वेळी शेजारी कोण बसलंय, तिकडेही एकदा बघावं.

२०१२ मध्ये डिग्रॉम पुन्हा खालच्या लीगमध्ये खेळू लागला. मेजर लीगमधला पहिला सामना मिळाला तो १५ मे २०१४ ला, वयाच्या पंचविशीत. सात इनिंग्जमध्ये त्याने एकच रन दिला, तरी मेट्स ०-१ ने हरले. त्या वर्षी मेजर लीगच्या नॅशनल लीग या गटातला सर्वोत्तम नवोदित तोच ठरला. पुढे २०१८ आणि २०१९ मध्ये साय यंग पुरस्कारही मिळाला. हे सगळं त्या एका पकडीमुळे झालं असं म्हणणं खोटं होईल. वेग त्याचा स्वतःचा होता. पण चेंजअप त्याच्या कायम कामी आला.

आज ऑफिसात सर्व्हर बंद पडला, काम अर्धा तास खोळंबलं, तर मोबाईल जरा बाजूला ठेवा. निवृत्तीला आलेले एखादे काका बाजूच्या टेबलावर असतील. त्यांना विचारा, "काका, हा हिशोब तुम्ही इतक्या पटकन कसा जुळवता?" चहा गार झाला तरी ते दाखवल्याशिवाय उठणार नाहीत.