पावसाळ्याआधीचा निर्णय

जूनमध्ये नाशिकच्या शाळा सुरू होतात आणि पुढच्या काही आठवड्यांत बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांबाहेर चपलांची गर्दी वाढते. गंगापूर रोड असो, सिडको असो की सातपूर, तक्रारी त्याच: ताप उतरत नाही, खोकल्याने रात्रभर झोप नाही, वर्गातली निम्मी मुले घरी. लसीचे कार्ड चाळता चाळता डॉक्टर विचारतात, ‘फ्लूची लस दिली आहे का?’ आईवडील एकमेकांकडे बघतात. सर्दी-तापासाठी लस? तीही दरवर्षी? आणि इतकीच गरजेची असेल, तर सरकार का देत नाही?

तिसरा प्रश्न सगळ्यांत वजनदार आहे. बीसीजी, पोलिओ, पेंटाव्हॅलंट, रोटाव्हायरस, गोवर-रुबेला या लसी महापालिकेच्या दवाखान्यात आणि अंगणवाडीत मोफत मिळतात. डोस चुकला तर आशाताई दारात उभी राहते. तिथे पालकांनी ठरवावे असे फारसे काही उरत नाही. फ्लूची लस मात्र सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात नाही. ती ‘ऐच्छिक’ म्हणून सांगितली जाते आणि ऐच्छिक म्हटले की नसली तरी चालेल, असाच अर्थ घरी पोहोचतो. एखादी लस कार्यक्रमात नसण्यामागे पैसा, व्यवस्था आणि प्राधान्यक्रम असे हिशेब असतात. त्यावरून ती आपल्या मुलाला नको, असा निष्कर्ष काढणे चूक आहे.

बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा, म्हणजे इंडियन अॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचा, सल्लाही काळाबरोबर बदलला. आधी ही लस दमा, हृदयविकार यांसारखी जोखीम असलेल्या मुलांपुरती सुचवली जात होती. 2020-21च्या शिफारशींत ती सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या सगळ्याच मुलांसाठी दरवर्षी घ्यावी, असे म्हटले गेले. त्यापुढच्या वयात जोखीम असलेल्या मुलांसाठी ती सुरू ठेवायची. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, नंतर वर्षाला एक. 2021मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर राज्याच्या बालरोग कृती दलानेही पावसाळ्याआधी मुलांना फ्लूची लस देण्याचा सल्ला दिला होता.

फ्लूला साधी सर्दी समजण्याची चूक महाराष्ट्राने तरी करू नये. 3 ऑगस्ट 2009 रोजी देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला, तो 14 वर्षांच्या एका शाळकरी मुलीचा. त्यानंतरचे मास्क, बंद शाळा आणि नायडू रुग्णालयाबाहेरच्या रांगा अनेकांना आठवत असतील. साथ ओसरली, पण तो विषाणू कुठे गेला नाही. तो आता दरवर्षीच्या फ्लूचाच एक भाग आहे. 2015मध्ये देशात 42,592 रुग्णांची नोंद झाली आणि 2,990 जण दगावले. 2017मध्ये एकट्या महाराष्ट्रात 778 मृत्यू नोंदले गेले. 2018च्या पावसाळ्याअखेरीस राज्यातल्या बातम्यांत पुण्याच्या जोडीने नाशिकचे नाव सतत येत होते. हे आकडे सगळ्या वयांचे आहेत. लहान मुलांपुरता जगाचा अंदाज पाहिला तर 2018 या एका वर्षात पाच वर्षांखालची सुमारे 34,800 मुले फ्लूशी निगडित श्वसनविकाराने गेली.

नाशिककरांच्या बाबतीत आणखी एक गैरसमज आहे, तो थंडीचा. निफाडचा पारा घसरला की बातमी होते, त्यामुळे सर्दी-ताप हे थंडीचे दुखणे, असे मनात पक्के बसले आहे. हिवाळ्यात फ्लू असतोच. पण आपल्या भागात त्याचा मोठा जोर पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर या काळात दिसतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील संशोधकांनी 2009 ते 2013 या काळातली देशभरची निरीक्षणे तपासली. श्रीनगरला फ्लू हिवाळ्यात येतो, बहुतेक भारतात पावसाबरोबर. म्हणून श्रीनगरसाठी लसीकरणाचा योग्य काळ ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि आपल्यासाठी एप्रिल-मे, असे त्यांनी मांडले. लस घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून ती पावसाच्या आधीच घ्यायला हवी. जिल्ह्यातल्या द्राक्षबागायतदाराला हे वेगळे सांगावे लागत नाही. ढगाळ हवा दिसताच तो डाऊनी या बुरशीजन्य रोगावरची फवारणी उरकून घेतो, पानावर डाग पडायची वाट पाहत नाही.

विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून लसही बदलते. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी, लसीत कोणते प्रकार असावेत हे सांगते. लस दरवर्षी घ्यावी लागते याचे एक कारण हे, आणि दुसरे म्हणजे मिळालेले संरक्षण काही महिन्यांत ओसरत जाते.

आता लस किती काम करते, हा प्रश्न. इथे पालकांना खरे तेच सांगितले पाहिजे. हरियाणात फरिदाबाद जिल्ह्यातल्या गावांमध्ये मुलांवर तीन वर्षे मोठी चाचणी झाली. लसीची परिणामकारकता पहिल्या वर्षी सुमारे 26 टक्के, दुसऱ्या वर्षी 41 आणि तिसऱ्या वर्षी 74 टक्के आढळली. कोक्रेन संस्थेच्या 2018च्या आढाव्यात निरोगी मुलांमध्ये फ्लूचे प्रमाण टोचून देण्याच्या लसीमुळे 30 टक्क्यांवरून 11 टक्क्यांवर आल्याचे दिसते, मात्र दोन वर्षांखालच्या मुलांविषयी पुरावा कमी आहे. म्हणजे लस घेतलेले मूलही आजारी पडू शकते. शिवाय पावसाळ्यातला प्रत्येक ताप फ्लूचा नसतो. आरएसव्ही, अॅडेनोव्हायरस असे कितीतरी विषाणू त्याच काळात फिरत असतात आणि त्यांच्यावर ही लस चालत नाही. ‘लस घेऊनही आजारी पडला’ ही तक्रार पुष्कळदा त्यांच्यामुळे असते. टोचायच्या लसीतला विषाणू मृत असतो, तिच्यामुळे फ्लू होत नाही. दंड दुखणे किंवा एखाद-दोन दिवस कणकण, एवढाच बहुतेकांचा अनुभव.

पण आकड्यांच्या पलीकडचा एक मुद्दा आहे आणि तो फारसा बोलला जात नाही. लहान मुलाचा फ्लू त्याच्यापाशी थांबत नाही. तो मधुमेह असलेल्या आजीकडे जातो, पाळण्यातल्या बाळाकडे जातो. सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देताच येत नाही. जपानने 1962 ते 1994 या काळात शाळकरी मुलांना फ्लूची लस दिली. 2001मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की, त्या कार्यक्रमामुळे तिथे दर वर्षी अंदाजे 37 ते 49 हजार मृत्यू, मुख्यतः वृद्धांचे, टळत होते. कार्यक्रम बंद झाला आणि मृत्यूंचे प्रमाण पुन्हा वाढले. आपल्या एकत्र कुटुंबांत, जिथे नातवंडे आजीच्या कुशीत झोपतात, हा अभ्यास मन लावून वाचायला हवा.

मग अडते कुठे? पैशापाशी. खासगी दवाखान्यात एक डोस साधारण दीड ते दोन हजार रुपयांच्या घरात जातो. दोन लहान मुले असतील तर पहिल्या वर्षी चार डोस, म्हणजे सहा-आठ हजार रुपये. कॉलेज रोडवरच्या नोकरदार कुटुंबात यावर चर्चा होते. अंबडच्या कारखान्यात कंत्राटावर काम करणाऱ्या बापाला चर्चेचीही संधी नसते, आणि पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर तर हा प्रश्न कोणी विचारतच नाही. याच जिल्ह्यात मालेगावला 2022च्या अखेरीस गोवर पसरला. ती लस मोफत असूनही कित्येक मुलांपर्यंत पोहोचली नव्हती. तिथे घरोघर जाऊन विश्वास कमवावा लागला. फ्लूच्या बाबतीत मात्र विश्वास असलेला पालकही दुकानाच्या दारात एकटा उभा आहे. त्याला ‘तुमचे तुम्ही ठरवा’ म्हणणे हे स्वातंत्र्य नव्हे.

राज्याला हे जमणार नाही, असेही नाही. महाराष्ट्राने 2015पासून गर्भवती आणि इतर जोखमीच्या गटांना फ्लूची लस मोफत द्यायला सुरुवात केली. गर्भवतीने घेतलेली लस नवजात बाळालाही पहिले काही महिने सांभाळते. त्या यादीत दमा, जन्मजात हृदयविकार, मूत्रपिंडाचे आजार असलेली मुले घेणे, हे पुढचे पाऊल फार मोठे नाही.

नाशिकला तर त्याची घाईच आहे. 2027च्या सिंहस्थ कुंभमेळ्याची मुख्य स्नाने ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये आहेत, ऐन फ्लूच्या मोसमात. देशभरातून लोक येतील, रामकुंडावर आणि त्र्यंबकला दाटी होईल, आणि त्यातले कित्येक जण नाशिकच्याच घरांत उतरतील. रस्ते, घाट आणि पूल यांच्या आराखड्यात जिल्ह्यातल्या जोखमीच्या बालकांच्या लसीकरणाचीही तरतूद हवी. महापालिका आणि जिल्हा परिषदेने अशा मुलांची यादी आत्ताच करावी आणि 2027च्या मे महिन्याआधी त्यांना लस द्यावी. ज्यांना परवडते त्या पालकांनी तोवरही थांबू नये. मूल पाच वर्षांखालचे असेल, किंवा त्याला दमा असेल, तर येत्या एप्रिलमध्ये कार्ड घेऊन डॉक्टरांकडे जा आणि या लसीविषयी स्वतःहून विचारा.